बाटलीवरचा आकडा आणि बाटलीतला रेणू

पेशींच्या पटलातली असंतृप्त मेदाम्लं मुक्त मूलकांच्या (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील रेणूंच्या) तावडीत सापडली की त्यांचे तुकडे पडतात. त्यांतला खूप अभ्यासला गेलेला एक तुकडा म्हणजे ४-हायड्रॉक्सीनोनेनल, प्रयोगशाळेच्या बोलीत एचएनई. यकृतातल्या मेदाच्या ऑक्सिडीकरणातून निघणारा पेशीघातक पदार्थ हाच, हे बेनेडेट्टी, कॉम्पोर्टी आणि एस्टरबाउअर यांनी १९८० मध्ये दाखवलं. मूलकं जन्मतात तिथेच जवळपास संपतात; हा नऊ कार्बनचा आल्डिहाइड मात्र दूरच्या प्रथिनांपर्यंत पोहोचतो. म्हणून तर तो संशोधकांना हवा असतो.

त्याच्या दुहेरी बंधाला लागूनच आल्डिहाइड गट असल्यामुळे बंधाच्या टोकाचा कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला राहतो. प्रथिनांतल्या सिस्टीनचा गंधक त्याला सर्वांत लवकर चिकटतो. हिस्टिडीन आणि लायसीन त्यामागोमाग. पण हा रेणू प्रथिनांवर जितका तुटून पडतो, तितकाच आपल्या द्रावणांवरही. ट्रिस या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अमाइन हा नायट्रोजनचा गट असतो आणि एचएनई त्यालाही चिकटतो, म्हणून ते टाळायचं आणि फॉस्फेट घ्यायचं. डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल या गंधकयुक्त रसायनांचा अंशही चालत नाही. पेशींच्या माध्यमात सीरम असेल, तर बराचसा एचएनई त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिनच गिळतं आणि पेशींच्या वाट्याला किती आला ते कळत नाही.

एचएनई सहसा इथेनॉलमध्ये विरघळवून मिळतो आणि उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. वारंवार वितळवण्यापेक्षा छोटे भाग करून ठेवलेले बरे. इथेनॉल नको असेल तर नायट्रोजनच्या मंद झोतात ते उडवतात, पण अवशेष कोरडा पडू देऊ नये. एचएनई स्वतःही थोडा उडतो, त्यामुळे बफर लगेच घालावं. हे सारं काम हातमोजे घालून, धूरकपाटातच. अंतिम द्रावणात इथेनॉल नगण्य राहणार असेल, तर मी उडवण्याच्या भानगडीत पडू नका असंच सांगेन. तेवढंच इथेनॉल घातलेला नियंत्रण नमुना मात्र हवाच.

सर्वांत महत्त्वाचं, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे वापराच्याच दिवशी द्रावणाची संहती (त्यात एचएनई किती आहे ते) मोजणं. एचएनई साधारण २२३ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषतो. त्याचा मोलर शोषणांक, म्हणजे एक मोलर द्रावणाचं १ सेंटिमीटर जाडीतलं शोषण, सुमारे १३,७५० आहे. लेबलवर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असेल, तर ते म्हणजे ६४ मिलिमोलर. हे द्रावण हजारपट विरळ केलं, की १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये शोषण ०.८८ यायला हवं. साधं प्लास्टिक इथे निरुपयोगी, कारण या तरंगलांबीला ते स्वतःच प्रकाश अडवतं. वाचन ०.६६ आलं, तर बाटलीत उरलेत ४८ मिलिमोलर: पाव माल गेला. दुहेरी बंध खर्ची पडला की हे शोषणही जातं, म्हणूनच ही मोजणी उपयोगाची. त्यानंतरची सगळी गणितं लेबलवरच्या नव्हे, या आकड्यावरून करायची.

प्रक्रिया ठरल्या वेळी थांबवायची असेल तर भरपूर ग्लुटाथायोन (पेशींतलाच एक गंधकयुक्त छोटा रेणू) घालतात. उरलेला एचएनई त्याच्या गंधकाला जाऊन चिकटतो.