‘पार्प इन्हिबिटर’ : नाव आणि त्यामागचा गोंधळ

पार्प हे डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणारं एन्झाइम; ते रोखणाऱ्या कर्करोगाच्या औषधांना ‘पार्प इन्हिबिटर’ म्हणतात. या क्षेत्रात चुकीचं नाव पडण्याची परंपरा जुनी आहे. १९६३ मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेला कोंबडीच्या यकृताच्या केंद्रकांत डीएनएवर अवलंबून असलेलं नवं एन्झाइम, म्हणजे आजचं पार्प, सापडलं. त्यातून बनणारा पदार्थ पॉली-ए (अ‍ॅडेनिलिक आम्लाची साखळी) आहे असं आधी जाहीर झालं. तो एडीपी-रायबोजची साखळी आहे हे काही वर्षांनी कळलं. डीएनए तुटला की पार्प-१ (पार्प कुटुंबातलं मुख्य एन्झाइम) तिथे बसतं, स्वतःवर आणि शेजारच्या प्रथिनांवर ही साखळी चढवतं, दुरुस्तीची प्रथिनं बोलावतं आणि साखळीच्या ऋणभारामुळे निसटतं.

बीआरसीए हे डीएनए दुरुस्तीचंच दुसरं जनुक बिघडलेल्या पेशी पार्प रोखल्यास फार सहज मरतात, हे २००५ मध्ये एकाच अंकातल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं आणि औषधांची रांग लागली.

त्या रांगेत इनिपारिब होतं. ट्रिपल निगेटिव्ह (नेहमीच्या औषधांची तीन लक्ष्यं नसलेल्या) स्तनकर्करोगात दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे इतके चांगले होते की अनेकांनी पार्पचा प्रश्न सुटल्याचं गृहीत धरलं. २०११ मध्ये तिसरा टप्पा फसला. पुढच्या वर्षी प्रयोगशाळांनी तपासलं तेव्हा हे औषध पेशीत पार्प रोखतच नव्हतं. सिस्टीन हे अमिनो आम्ल असलेल्या वाटेल त्या प्रथिनांना चिकटत होतं. म्हणजे हरलं ते पार्पचं तत्त्व नव्हे, नुसतं लेबल! माझ्या मते, पेशीतली साखळी खरंच कमी होते का, हे रुग्णांपर्यंत जाण्याआधी मोजायला हवं होतं. ती मोजणी महागडी नव्हती. २०११ च्या अखेरीस ओलापारिब हे दुसरं पार्प इन्हिबिटरही अंडाशयाच्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्यात न नेण्याचं ठरलं. कारण वेगळं होतं, पण पार्पचं नाव तेव्हा खाली आलेलंच होतं. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांचे आकडे वेगळे काढल्यावर ओलापारिब परत आलं. जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी घाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, तीही वेगळ्या उपयोगासाठी.

नावाचा घोळ २०१२ मध्ये आणखी वाढला. ही औषधं एन्झाइम बंद करतातच, शिवाय त्याला डीएनएवर अडकवून ठेवतात. आणि हा अडकलेला पार्प पेशीला जास्त घातक ठरतो. अडकवण्याच्या ताकदीत टालाझोपारिब सर्वांत पुढे. तरी डबीवर सगळीच ‘इन्हिबिटर’.

२०१६ पासून पुढच्या दोनेक वर्षांत आणखी एक उलथापालथ झाली: डीएनए तुटल्यावर साखळी प्रथिनातल्या मुख्यतः सेरीन या अमिनो आम्लावर चढते, ग्लुटामेट-अस्पार्टेटवर नव्हे, आणि त्यासाठी एचपीएफ-१ हे साथीदार प्रथिन लागतं. पन्नासेक वर्षं जागाच चुकीची धरली होती.