राउटरचे पर्यायी फर्मवेअर आणि वायफायची कामगिरी

घरगुती राउटरमधील कंपनीची मूळ प्रणाली काढून तिच्या जागी ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी किंवा टोमॅटोसारखी दुसरी प्रणाली बसवतात, तिला पर्यायी अथवा कस्टम फर्मवेअर म्हणतात. ते घातल्यावर वायफायला किती फरक पडेल, हे खोक्यावरच्या नावापेक्षा आतली रेडिओ चिप आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, यांवर ठरते.

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स असल्याचे उघड झाले आणि सोर्सकोड खुला करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याच्या अटींमुळे २००३ मध्ये कंपनीला सोर्सकोड द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. मात्र त्या राउटरमधल्या ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपचा वायफाय ड्रायव्हर बंदिस्तच राहिला, आणि ब्रॉडकॉमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीचे वायफाय आजही बहुधा लंगडेच चालते. अथेरॉस या दुसऱ्या कंपनीच्या चिपसाठीचा एटीएच९के हा ड्रायव्हर पूर्ण खुला असल्याने खरे प्रयोग तिथे झाले. पुढच्या एटीएच१०के पिढीत बरेचसे काम चिपमधल्या बंदिस्त फर्मवेअरकडे गेले. मीडियाटेकच्या चिपसाठीचा एमटी७६ हा खुला ड्रायव्हर सध्या चांगल्या स्थितीत आहे.

पर्यायी फर्मवेअरची खरी कमाई कमाल वेगात नाही, विलंबात आहे. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकते. १५०० बाइटचे पॅकेट (माहितीचा तुकडा) ३०० एमबीपीएसने पाठवायला साधारण ४० मायक्रोसेकंद लागतात. भिंतीआड ६ एमबीपीएसवर घसरलेल्या फोनला तेच पॅकेट पाठवायला २ मिलिसेकंद, म्हणजे पन्नासपट वेळ. वेगवान उपकरण आणि हा फोन, दोघांना सारखीच पॅकेटे दिली की तो एक फोन साऱ्या घराचे वायफाय मंदावतो. शिवाय राउटरच्या रांगेत पॅकेटे तुंबली, की डाउनलोड सुरू असताना व्हिडिओ कॉल अडखळतो. याला बफरब्लोट म्हणतात. रांग तुंबू न देणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत आणि पॅकेटांऐवजी हवेतला वेळ सारखा वाटणारी पद्धत, हे दोन्ही उपाय २०१७ च्या एलईडीई या प्रकल्पाच्या १७.०१ आवृत्तीत एटीएच९केसाठी आले. ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून निघालेला हा प्रकल्प २०१८ मध्ये पुन्हा त्यातच विलीन झाला. जुन्या, स्वस्त राउटरला या कामाने नवे आयुष्य दिले, आणि घरगुती वायफायसाठी झालेल्या कामांत त्याचा मान फार वरचा आहे.

राउटरच्या सिग्नलची पॉवर वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. ३ डेसिबलने (डीबी) शक्ती दुप्पट होते, पण फोनचा क्षीण सिग्नल राउटरपर्यंत पोचण्यात त्याने काहीच सुधारणा होत नाही; उलट अँप्लिफायर मर्यादेबाहेर गेला की सिग्नल विकृत होऊन वेग पडतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पॉवर वापरता येईल अशा राउटरच्या प्रकरणात अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये टीपी-लिंककडून २ लाख डॉलर वसूल केले. भारतात सेटिंगमध्ये देशाचा कोड ‘आयएन’ ठेवावा; चॅनेल आणि पॉवरच्या मर्यादा त्यावरून लागू होतात. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील बरेच चॅनेल इथे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले.

तोटेही आहेत. मूळ फर्मवेअर बहुधा पॅकेटे पुढे ढकलण्याचे काम वेगळ्या हार्डवेअरकडे सोपवते. पर्यायी फर्मवेअरमध्ये ती सोय नसली तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि वेगवान फायबरवर राउटर दमतो. एफक्यू-कोडेल वापरून इंटरनेट लाइनचा वेग आखून दिला, तर हा भार आणखी वाढतो.

मोजमाप करताना आयपर्फ३ हे वेग मोजणारे साधन राउटरवरच चालवू नये, कारण मग मोजणीच प्रोसेसर खाते. लॅन केबलने जोडलेला संगणक एका टोकाला आणि वायफायवरचा लॅपटॉप दुसऱ्या टोकाला ठेवावा, आणि डाउनलोड चालू असतानाचा पिंगही (उत्तर परत येण्यास लागणारा वेळ) नोंदवावा. फर्मवेअर बदलण्याआधी आणि नंतर, त्याच खोलीत, त्याच चॅनेलवर आणि तेवढ्याच चॅनेल-रुंदीवर घेतलेले आकडेच तुलनेला धरता येतात.