ऑप्टिकल फायबरचे उष्णता सोसणारे लेप : पार्श्वभूमी

उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची रांगच कोकणात आहे. जमिनीखालची ही उष्णता खोलीनुसार कशी वाढत जाते, हे विंधनविवरात सोडलेल्या एकाच ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूने, मोजता येते. मात्र तो फायबर तिथे किती काळ टिकेल, हे काचेपेक्षा तिच्यावरच्या लेपावर अधिक अवलंबून असते. सिलिकाचा, म्हणजे याच काचेचा, तंतू सुमारे 2000 अंश सेल्सिअसला ओढला जातो, पण दूरसंचारातील नेहमीच्या फायबरची मर्यादा साधारण 85 अंश मानली जाते.

लेपाची गरज मुळात उष्णतेमुळे निर्माण झालेली नाही. काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांवर ठरते, हे ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये दाखवून दिले होते. ताण असताना बाष्प लागले की या भेगा वाढतात, आणि कोकणातील दमट हवेत तर ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. 1970 मध्ये कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी किलोमीटरमागे 20 डेसिबलपेक्षा कमी क्षय (वाटेत प्रकाश क्षीण होणे) असलेला तंतू घडवल्यानंतर मैलोन्‌मैल लांबीची काच न तुटता हाताळण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यावर रूढ झालेला उपाय असा, की तंतू ओढला जात असतानाच, कप्पीला टेकण्यापूर्वी, त्यावर अ‍ॅक्रिलेट नावाचे प्लास्टिक चढवून ते अतिनील किरणांनी घट्ट करायचे. आतला थर मऊ, बाहेरचा कठीण, आणि 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची काच लेपासह 250 मायक्रॉनची होते.

तेलविहिरींतल्या उष्णतेत मात्र हे अ‍ॅक्रिलेट टिकत नाही. सिलिकोन सुमारे 200 अंशांपर्यंत चालते. त्यापुढे, सुमारे 300 अंशांपर्यंत, पॉलिइमाइड हे उष्णता सोसणारे प्लास्टिक कामी येते. ते द्रावणातून काही मायक्रॉनच्या थरांनी पुन्हापुन्हा लावून भाजावे लागते, म्हणून उत्पादन संथ आणि महाग होते. शिवाय जोडणीसाठी ते काढायचे तर ज्योत किंवा तप्त आम्ल लागते. अ‍ॅल्युमिनियम सुमारे 400, तर सोने 700 अंशांपर्यंत टिकते, परंतु थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसून तंतूला सूक्ष्म बाक आणतो आणि प्रकाशाचा क्षय वाढतो. खोल विहिरींतील हायड्रोजन काचेत शिरूनही क्षय वाढवतो; त्याला अडवण्यासाठी पॉलिइमाइडखाली कार्बनचा अतिशय पातळ थर देतात.

कोकणातील झऱ्यांचे पाणी पृष्ठभागावर उकळबिंदूखालीच असते. त्यामुळे येथील विवरांसाठी सोन्यापेक्षा कार्बन व पॉलिइमाइडची जोडी आधी तपासणे मला अधिक योग्य वाटते.