सिन्सिअरिटी

सिन्सिअरिटी म्हणजे मनात जे आहे तेच बोलण्यात आणि वागण्यात उतरणं, मधे कुठला आव नाही की दिखावा नाही. विशेषण सिन्सिअर, आणि सिन्सिअर्ली म्हणजे मनापासून. मराठीत याला प्रामाणिकपणा म्हणून मोकळे होतात लोक पण ते अर्धंच बरोबर आहे, कारण प्रामाणिकपणात ऑनेस्टी पण आली आणि इंग्रजीत या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. ऑनेस्ट माणूस खोटं बोलत नाही, दुसऱ्याच्या पैशाला हात लावत नाही, झालं. सिन्सिअर म्हणायचं तर त्याच्या भावनेतच खोट नको. म्हणूनच एखादा माणूस पूर्ण सिन्सिअर असून साफ चुकीचा असू शकतो, बिचारा मनापासून चुकलेला असतो.

त्यातल्या त्यात जवळचा मराठी शब्द म्हणजे निर्व्याज. (निर्व्याज प्रेम म्हणजे व्याज न लावता केलेलं प्रेम असं बऱ्याच जणांना वाटतं, पण संस्कृतात व्याज म्हणजे ढोंग, बहाणा. तेव्हा निर्व्याज म्हणजे ढोंगाशिवाय.)

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाची पण अशीच एक लोककथा आहे. लॅटिनमधे सिने म्हणजे शिवाय आणि सेरा म्हणजे मेण, तर लबाड शिल्पकार संगमरवराला गेलेले तडे मेणाने बुजवायचे आणि चांगले शिल्पकार आपला माल 'बिनमेणाचा' म्हणून विकायचे, त्यावरून सिन्सिअर. ऐकायला झकास आहे, भाषणांमधे तर हमखास येते, पण भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. मूळ शब्द लॅटिन सिन्सेरस, अर्थ स्वच्छ, निर्भेळ, आणि त्याची फोड बहुतेक 'एकाच वाढीचं' म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही अशी करतात. रोमन कवी होरेसने तो चक्क भांड्यासाठी वापरलाय, भांडं सिन्सेरस नसेल तर त्यात काहीही ओता, आंबणारच. इंग्रजीत शब्द आला सोळाव्या शतकात आणि तिथे पण सुरुवातीला वस्तूंना लागायचा. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधे पीटरच्या पहिल्या पत्रात सिन्सिअर मिल्क आहे, म्हणजे भेसळ नसलेलं दूध! आज कोणी दुधाला सिन्सिअर म्हटलं तर लोक हसतील, पण भेसळ नाही हा मुद्दा मात्र अजून तसाच आहे, फक्त दुधाच्या जागी माणूस आला.

वापराचं बघायला गेलं तर या शब्दाचा थोडा घातच झालाय असं मला वाटतं. ब्रिटिश पद्धतीत पत्राची सुरुवात नाव घालून केली असेल तर शेवटी युअर्स सिन्सिअर्ली, आणि नुसतं डिअर सर असेल तर युअर्स फेथफुली, असा नियम. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थच औपचारिकपणा नसणं तो सगळ्यात औपचारिक जागी जाऊन बसला, सही करताना कोणाच्या मनात काय असतं ते सगळ्यांना माहितीये. माफीचं पण तेच. "आमच्यामुळे कोणी दुखावलं असेल तर सिन्सिअर अपॉलॉजी" यात 'असेल तर' आलं की सिन्सिअर शब्द असून नसल्यासारखा.

हल्ली सिन्सिअरपेक्षा ऑथेंटिक जास्त चालतो, मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने 2023 चा वर्ड ऑफ द इयर म्हणून तोच निवडला. फरक बारीक आहे. समोरच्याशी खरं वागणं ते सिन्सिअर, स्वतःशी खरं राहणं ते ऑथेंटिक, मग समोरच्याला आवडो न आवडो.

आणि आपल्याकडचा सिन्सिअर तर तिसराच प्राणी! मराठी बोलण्यात "पोरगी एकदम सिन्सिअर आहे" म्हणजे वेळेवर येते, अभ्यास नेमाने करते, सांगितलेलं काम पुरं करते. याला इंग्रजीत डिलिजंट किंवा कॉन्शिएन्शस म्हणतात. त्यामुळे बाहेरच्या युनिव्हर्सिटीसाठी शिफारसपत्र लिहिताना सिन्सिअर स्टुडंट लिहिलं तर वाचणाऱ्याला तिच्या मेहनतीचा पत्ताच लागत नाही, मुलगी आव आणत नाही एवढंच कळतं.