कॉन्युरचं पिल्लू घरी आणताय? आधी कागद, मग पिंजरा

"हा फॉरेनचा पक्षी आहे, याला काही कागद लागत नाहीत." कॉन्युर नावाचा विदेशी पोपट विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नाहीतर लवकरच ऐकाल. दहा वर्षांपूर्वी ते खरं होतं. आज ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी पक्षी ज्याच्या घरात आहे त्याच्यावर येते, म्हणजे तुमच्यावर.

आधी एक घोळ मिटवू. आपला देशी पोपट, म्हणजे आजीच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला मिठू, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. तो पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि त्याची नोंदणी करून तो कायदेशीर करून घ्यायचा कुठलाही मार्ग नाही. कॉन्युरचं तसं नाही. हे दक्षिण अमेरिकेतले पोपट, भारतात पाळायला बंदी नाही. पण 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तिने कायद्याला एक नवी अनुसूची 4 जोडली. साइटीस या, वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमधले प्राणी-पक्षी या अनुसूचीत आले. यातला जिवंत जीव ज्याच्या ताब्यात आहे, त्याने कलम 49-एम प्रमाणे त्याची नोंद करायची. ती कशी करायची याचे नियम केंद्राने 28 फेब्रुवारी 2024 ला काढले.

आता गंमत बघा. साइटीसच्या यादीत जवळपास सगळे पोपट येतात, पण चार जाती वगळलेल्या आहेत: बजी, कॉकटील, पीच-फेस्ड लव्हबर्ड आणि आपला देशी पोपट. (देशी पोपट या यादीत नसला तरी आपल्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अडकतो, म्हणून त्याची सुटका नाही.) त्यामुळे "शेजाऱ्यांकडे सहा बजी आहेत, त्यांनी कुठे काय नोंदवलंय?" हा युक्तिवाद कॉन्युरला लागू होत नाही. त्यांना नोंदणी लागतच नाही. तुम्हाला लागते.

कुठला कॉन्युर?

आपल्याकडे घरोघरी दिसतात ते ग्रीन चीक (आणि त्यातलेच पायनॅपल, सिनॅमन वगैरे रंग), सन कॉन्युर आणि जेंडे. हे सगळे साइटीसच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. गोल्डन कॉन्युर मात्र परिशिष्ट 1 मध्ये येतो. त्याचे नियम कडक आहेत आणि परिशिष्ट 1 मधल्या जीवांची पैदास करायला वेगळा परवाना लागतो. बाजारात सन कॉन्युरलाही कोणी कोणी "गोल्डन" म्हणून जातं, तेव्हा नावावर जाऊ नका. अर्जात शास्त्रीय नाव लिहायचं असतं: ग्रीन चीक म्हणजे पायरुरा मोलिनी, सन कॉन्युर म्हणजे आराटिंगा सोलस्टिशिॲलिस. विकणाऱ्याकडून पावतीवर हेच नाव लिहून घ्या.

सन कॉन्युरच्या बाबतीत आणखी एक. त्याचा तो हळदी-केशरी रंग पिल्लाच्या अंगावर नसतो. लहानपणी त्याची पाठ आणि पंख बरेचसे हिरवट असतात, पूर्ण रंग यायला दीड-दोन वर्षं लागतात. दोन महिन्यांच्या पिल्लाचा फोटो अर्जाला जोडाल तर दोन वर्षांनी तो पक्षी ओळखू येणार नाही. म्हणून ओळख रंगावर सोडायची नाही, पायातल्या रिंगवर ठेवायची.

अर्ज कोणी करायचा, कधी करायचा

नियम खरेदीवर बोलत नाही, ताब्यावर बोलतो. पक्षी विकत घेतला, मित्राने परदेशी जाताना दिला, कोणाला सांभाळणं जमेना म्हणून दत्तक घेतला, सगळं एकच. ज्याच्या ताब्यात पक्षी, त्याने ताबा आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा. "फुकट मिळालाय हो" ही सबब चालत नाही. हौस मुलाची असली तरी अर्ज घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने करा, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्याच नावावर निघणार.

हे 30 दिवस पक्षी घरात आला त्या दिवसापासून धावायला लागतात. रिंग नंबर कळायला आठवडा, डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडा, विकणाऱ्याला फोन करून करून पावती मिळवायला दोन आठवडे, संपला महिना. माझं स्पष्ट मत आहे: पिल्लू बघायला जाण्याआधी फोनवर कागद मागा. कागद बघितल्यावर पिल्लू बघा. उलटं केलंत तर ते पिल्लू तुमच्या मनगटावर चढून बाहीत डोकं खुपसेल आणि मग तुम्ही कुठलाही कागद मागणार नाही.

ज्यांच्याकडे नियम येण्याआधीपासूनच पक्षी होते, त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती 2024 च्या ऑगस्टअखेरीस संपली. कोणी राहून गेलं असेल तर गप्प बसण्यापेक्षा वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं. या कायद्याखाली साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कागदपत्रं

तुमच्या बाजूने आधार किंवा तत्सम ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल एवढं हाताशी ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार. आधारवरचा पत्ता गावचा आणि पक्षी पिंपरीत, अशी आपल्यापैकी निम्म्यांची स्थिती असते, तेव्हा पक्षी प्रत्यक्ष जिथे राहणार तो पत्ता सिद्ध करणारा कागद लागेल असं धरूनच चाला.

पक्ष्याच्या बाजूने पहिला कागद म्हणजे तो आला कुठून याचा पुरावा. दुकानातून घेतला तर पक्की पावती: तारीख, जात, रिंग नंबर, विकणाऱ्याचं नाव-पत्ता. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना 2018 च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तो क्रमांकही पावतीवर मागायला लाजू नका. घरगुती ब्रीडरकडून घेत असाल तर त्याच्याकडच्या आई-बापाच्या जोडीची आणि या पिल्लाची नोंद आहे का ते विचारा, त्याची प्रत घ्या. त्याने पिल्लाचा जन्म नोंदवलेला असणं आणि तुमच्याकडे हस्तांतरण दाखवणं, ही साखळी जुळली तर तुमच्या अर्जात अडण्यासारखं फारसं उरत नाही. दत्तक घेताना मूळ मालकाचं प्रमाणपत्र आणि दोघांच्या सह्यांचं, तारखेचं साधं पत्र घ्या. "इंपोर्टेड पेअर आहे" असं कोणी छातीठोक सांगितलं तर आयातीचे परवाने दाखवायला सांगा. बहुतेक वेळा आवाज तिथेच खाली येतो.

मग रिंग. बंद रिंग म्हणजे सांधा नसलेली धातूची गोल कडी. ती पिल्लू साधारण दोन आठवड्यांचं होण्याआधी पायात सरकवावी लागते, नंतर पंजा मोठा होतो आणि ती जात नाही. म्हणूनच तिला किंमत आहे: पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याची ती खूण. सांधा असलेली उघडी रिंग कोणत्याही वयात बसवता येते, त्यामुळे तिच्यावरून एवढं काही सिद्ध होत नाही. रिंग नसेलच तर पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारा. 60 ते 80 ग्रॅमच्या ग्रीन चीकला मायक्रोचिप बसवावी की नाही हे त्यांनीच ठरवावं.

रिंग वाचणं हे एक वेगळंच काम. आमच्या ग्रीन चीकच्या रिंगवर ब्रीडरची दोन अक्षरं, वर्ष आणि मग क्रमांक होता. एकाने टॉवेलमध्ये पक्षी धरला, दुसऱ्याने पाय हळूच बाहेर काढला, मी मोबाइलचा कॅमेरा झूम करून रिंग काडीने फिरवत वाचली. तेवढ्यात त्याने माझ्या अंगठ्याच्या नखाची कड कुरतडून टाकली. इतकं करून इंग्रजी "ओ" हे अक्षर मी शून्य समजून टाइप केलं. पावतीवर "ओ", फोटोत "ओ", अर्जात शून्य. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आणि चूक सोळा आणे माझी होती. तेव्हा रिंगचे तीन-चार बाजूंनी फोटो काढा, नंबर पावतीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा, आणि शंका असेल तर पक्षी विकणाऱ्याच्याच हातात असताना विचारा.

आरोग्य प्रमाणपत्र नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच हवं, आणि त्यावर जात आणि रिंग नंबर यायला हवा. प्रत्येक दवाखान्यात पक्षी तपासणारे डॉक्टर असतातच असं नाही, त्यामुळे आधी फोन करा. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून चौकशी सुरू करता येते. नर की मादी हे कॉन्युरकडे बघून कळत नाही. त्यासाठी ताजी उपटलेली पिसं किंवा रक्ताचा थेंब देऊन डीएनए चाचणी करतात. ती केली नसेल तर अर्जात अंदाजाने "नर" ठोकून देऊ नका, माहीत नाही असंच लिहा.

अर्ज भरताना

अर्ज केंद्राच्या परिवेश 2.0 या पोर्टलवर भरायचा, कागदी नाही. आधी स्वतःचं खातं तयार करायचं, मग जिवंत विदेशी प्रजातींच्या नोंदणीचा अर्ज उघडायचा. तो जातो पक्षी ज्या राज्यात राहतो तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, गोव्यात पणजीला. बेळगाव, इंदूर, बडोद्याला राहणाऱ्या मराठी माणसाने त्या त्या राज्याकडे अर्ज करायचा. शुल्क पोर्टलवरच भरायचं, एजंटला वेगळे पैसे मोजायची गरज नाही. फाइली आधीच स्कॅन करून, छोट्या आकारात, नीट नावं देऊन ठेवा. अर्ज गेल्यावर मिळणारा क्रमांक आणि पोचपावती छापून ठेवा, 30 दिवसांच्या आत अर्ज केल्याचा तोच पुरावा. कागद तपासून, आणि वाटलं तर वन कर्मचारी घरी पाठवून, मग प्रमाणपत्र मिळतं.

अर्जात पक्षी ठेवायच्या जागेची माहितीही येते, आणि कोणी बघायला आलं तर तीच प्रत्यक्ष दिसायला हवी. म्हणून पिंजरा आधी. ग्रीन चीकसाठी निदान दोन फूट लांब-रुंद-उंच, गजांमधलं अंतर अर्धा इंच. स्वस्त जस्ताचा मुलामा असलेली जाळी नको, कॉन्युर सगळं चोचीने सोलतो आणि जस्त पोटात जातं. पिंजऱ्याची जागा स्वयंपाकघरापासून लांब हवी. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती, मच्छर कॉइल यांचंही त्याच्याशी वैरच. पक्षी मोकळा असताना छताचा पंखा बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात सगळ्यांना लावा, पाहुण्यांनासुद्धा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सन कॉन्युरचा आवाज आधी कुठेतरी प्रत्यक्ष ऐका. व्हिडिओत तो कळत नाही.

अजून चमच्याने किंवा सिरिंजने भरवावं लागणारं पिल्लू "जास्त लळा लागतो" म्हणून गळ्यात मारतात. ते घेऊ नका. फीड जरा जास्त गरम झालं तर अन्नाची पिशवी भाजते, घाईत भरवलं तर श्वासनलिकेत जातं, आणि दोन्हीत पिल्लू जातं. स्वतः दाणे, फळं, भाज्या खायला लागलेलं, साधारण दहा आठवड्यांचं पिल्लू घ्या. लळा तेव्हाही लागतो. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणून रोज सकाळी वजन लिहा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवत नाही. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

प्रमाणपत्र आल्यानंतर

काम संपत नाही. जोडी ठेवली आणि पिल्लं झाली तर ती नोंदवायची, पक्षी दुसऱ्याला दिला तर हस्तांतरण नोंदवायचं, मेला तर तेही त्याच पोर्टलवर कळवायचं. पक्षी गेल्यावर अर्ज भरायला बसणं कोणाला सुचत नाही, पण नोंद तशीच राहिली तर कागदावर तो तुमच्या ताब्यातच असतो. पक्षी उडून गेला तर रिंग नंबरसह वन विभागाला कळवा, महाराष्ट्रात 1926 ही हेल्पलाइन आहे. आणि उलट, तुमच्याच गॅलरीत एखाद्या सकाळी कोणाचातरी रंगीत कॉन्युर येऊन बसला, तर तो तुमचा झाला असं समजू नका, तोच नंबर लावा.

परदेशी बदली होणार असेल आणि पक्षी सोबत न्यायचा असेल तर साइटीसची परवानगी इथून निघतानाही लागते, आणि ज्या देशात जाताय तिथले आयातीचे व क्वारंटाइनचे नियम वेगळे असतात. हे सगळं जमायला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी चौकशी करा. तिथे पहिल्यांदा तुमच्याकडे मागतील ते हेच नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावरचा नंबर पायातल्या रिंगशी जुळवून बघतील.