मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (सहार) व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील लघुतम अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,९०० सागरी मैल) आहे. निरनिराळ्या कोष्टकांतील आकड्यांत थोडी तफावत आढळते. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांशी चपटी, आणि मोजणी विमानतळापासून केली की शहराच्या मध्यापासून, यांवर ती अवलंबून असते. विमानवाहतुकीच्या दृष्टीने विमानतळांमधील अंतर धरणेच योग्य.

हे अंतर बृहद्‌वृत्तावर मोजतात, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती तिच्या पृष्ठभागावर काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर; दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट त्यावरूनच जाते. शाळेच्या भिंतीवरील मर्केटर नकाशावर (अक्षांश-रेखांश सरळ उभ्या-आडव्या रेघांनी दाखवणाऱ्या) दोन्ही शहरे पट्टीने जोडली, तर रेघ दक्षिण तुर्कस्तानाच्या आसपासून जाते; पण ती वाट प्रत्यक्षात सु. २०० किमी. लांबची आहे. बृहद्‌वृत्त बरेच उत्तरेकडे झुकते. काठेवाड ओलांडून ते कराचीजवळून, पूर्व इराणमार्गे कॉकेशसकडे वळते. त्याचा मध्यबिंदू जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेस जवळच पडतो. पुढे काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, युक्रेन व मध्य युरोप लागतात. विमाने मात्र या रेषेवरून क्वचितच जातात. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी वाहतुकीस बंद झाले. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपल्या आकाशातील वाहतुकीवर निर्बंध घातले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानकंपन्यांना पुन्हा बंद केले. त्यामुळे उडालेले अंतर कोष्टकातील अंतरापेक्षा नेहमीच जास्त भरते. किती, ते त्या दिवसाच्या मार्गावर ठरते.

या मार्गाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा याबद्दल एकमत नाही. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीची लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. प्रवासाला सु. एक आठवडा लागे व त्यातील बाझेल–जेनोआ हा टप्पा रेल्वेने होई. मुंबई या साखळीला जोडली गेली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले तेव्हा. काही जण हीच तारीख धरतात. परंतु ती टपालाची जोडसेवा होती. मुंबई–लंडन प्रवासी मार्ग म्हणून एअर इंडिया इंटरनॅशनलचे ८ जून १९४८ चे उड्डाण धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर प्रवासाचा वेळ बराच घटला.

सध्या थेट उड्डाणास मुंबईहून लंडनला ढोबळमानाने दहा तास, तर परतीला नऊ तासांच्या आसपास लागतात. मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा जेट प्रवाह परतताना पाठीशी व जाताना समोर असतो; हिवाळ्यात तो अधिक जोरकस असल्याने फरक वाढतो. वेळापत्रकात छापलेला वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीवरील रांग आणि हीथ्रोवरील घिरट्या त्यातच आल्या.

दोन्ही शहरांच्या घड्याळांत हिवाळ्यात ५½ व ब्रिटिश उन्हाळी वेळ लागू असताना ४½ तासांचा फरक असतो.