गायगर काउंटर की डोसीमीटर: आधी कोणतं घ्यावं?

पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बातमीत दोन आकडे येतात: विसर्ग क्युसेकमध्ये, साठा दशलक्ष घनफुटांत. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांचंही तसंच आहे. गायगर काउंटर सांगतो, या जागी आत्ता तासाला किती मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक). डोसीमीटर सांगतो, अंगावर लावल्यापासून एकूण मात्रा किती झाली.

तारापूर नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, आणि अणुऊर्जा केंद्राभोवतीचं आणीबाणी नियोजन क्षेत्र १६ किलोमीटरचं. त्यामुळे तिथे अपघात झालाच तर नाशिकमध्ये प्रश्न पडेल तो घरातली कुठली खोली बरी, बाहेर पडावं का, असा. त्यासाठी आधी गायगरच घ्यावा. तासाला २ मायक्रोसिव्हर्ट दिसले तर दिवसाचे ४८ होतात, हा हिशेब घड्याळ बघून करता येतो. उलटा हिशेब अवघड: एकेक मायक्रोसिव्हर्टने पुढे सरकणाऱ्या डोसीमीटरला तासाला ०.१ च्या नेहमीच्या पातळीवर एक आकडा हलायला दहा तास लागतात. क्ष-किरण विभागातले कर्मचारी लावतात तो टीएलडी बॅज तर प्रयोगशाळेत गेल्याशिवाय काहीच सांगत नाही. घरात त्याचा उपयोग शून्य.

घेताना वरची मर्यादा बघा. बरीच स्वस्त यंत्रं तासाला १००० मायक्रोसिव्हर्टला, म्हणजे १ मिलिसिव्हर्टला, थांबतात. आणीबाणीसाठी तासाला निदान १० मिलिसिव्हर्टपर्यंत मोजणारं हवं. फार तीव्र किरणोत्सारात गायगरची नळी गुदमरते आणि साधं यंत्र चक्क कमी आकडा किंवा शून्य दाखवतं. मर्यादा ओलांडल्याचा इशारा देणारंच घ्या.

आणीबाणीची वाट न बघता घरचा नेहमीचा आकडा आजच लिहून ठेवा: जमिनीपासून एक मीटर उंच, दहा मिनिटांची सरासरी. लहान नळीत मिनिटाला जेमतेम वीसेक टिकटिक होतात, म्हणून ०.०८ वरून ०.१६ वर उडी दिसली तरी घाबरू नये. वापरताना यंत्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. यंत्रावरच किरणोत्सारी धूळ बसली तर पुढचे सगळे आकडे फुगतात. पिशवी बदलता येते. साधे पेन्सिल सेल चालणारं मॉडेल बरं, पण ठेवून देताना सेल काढा, नाहीतर ते गळून आतल्या पट्ट्या गंजतात.

बाहेर मदतीला जाणाऱ्याने मात्र इलेक्ट्रॉनिक डोसीमीटरही लावावा: छातीवर, कपड्यांच्या वरून, अलार्म आधीच लावून.

आणि मोबाइल टॉवरसाठी विकतात ते ईएमएफ मीटर या कामाचं नव्हे. जाहिरातीत ‘रेडिएशन’ लिहिलेलं असतं, पण ते गॅमा किरण मोजतच नाही.